आवाज कुठे अडला?

सप्ताहाचा पाचवा दिवस होता. मंडप मागच्या कनातीपर्यंत भरला होता. महाराजांच्या मागे टाळकरी दोन रांगांत उभे, उजवीकडे पखवाज, शेजारी विणेकरी. अभंग लावून झाला, निरूपण रंगात आलं आणि नेमकी त्याच वेळी बॉक्समधून खरखर सुरू झाली. आधी बारीक, मग मोठा कडकडाट, मग शब्दच गायब. महाराज थांबले. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "माउली, जरा बघा."

अशा वेळी हात आपोआप मिक्सरवरच्या बटणांकडे जातो. ती चूक मी पूर्वी पुष्कळदा केली आहे. त्या दिवशी हात आवरला आणि आधी नुसतं पाहिलं. महाराजांचा हात स्टँडला लागला की खरखर येत होती. स्टँड स्थिर असला की आवाज स्वच्छ होता. म्हणजे दोष हलणाऱ्या वस्तूत होता, आणि तिथे हलणाऱ्या वस्तू दोनच: माइक आणि त्याच्या बुडाशी खोचलेली वायर. चॅनल म्यूट केला, वायर बदलली, म्यूट काढला. मिनिटभरात निरूपण पुढे सुरू झालं.

रात्री ती वायर उजेडात धरली तेव्हा ओळखीची निघाली. दोन दिवसांपूर्वी शेजारच्या गावात हीच खरखरली होती. तिथे मी ती काढली आणि पेटीत टाकली होती, इतर वीस वायरींच्या ढिगात, कसलीही खूण न करता. बिघाड मला सापडला होता. पण दूर करायचा सोडून मी तो पुढच्या गावाला सोबत नेला होता.

साउंडच्या धंद्यातल्या दोन गोष्टी त्या वायरीने माझ्या मनावर कायमच्या ठसवल्या. बिघाड शोधण्याला एक क्रम असतो. तो पाळला की घाबरायचं कारण उरत नाही. आणि यंत्राची निगा कार्यक्रम चालू असताना घेता येत नाही, ती आदल्या रात्रीच घ्यावी लागते. नाटक असो, कीर्तन असो, ऑर्केस्ट्रा असो की गावच्या शाळेचं स्नेहसंमेलन, दोन्ही गोष्टी सगळीकडे सारख्याच लागू पडतात.

आवाजाची वाट

माइकपुढे कुणी बोललं की आतला पातळ पडदा थरथरतो. डायनॅमिक माइकमध्ये त्या पडद्याला बारीक तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं. ते चुंबकाच्या फटीत मागेपुढे हलतं आणि त्यातून वीज निर्माण होते. ती फार थोडी असते. १९६६ पासून जगभरच्या रंगमंचांवर दिसणारा शूअर कंपनीचा एसएम ५८ जवळून बोललेल्या आवाजाला जेमतेम दोन-चार मिलिव्होल्ट देतो. मिक्सर हा सिग्नल साधारण एक व्होल्टपर्यंत वर आणतो. अँप्लिफायर त्याच्यात स्पीकरचा कोन हलवण्याइतका जोर भरतो: आठ ओहमच्या बॉक्सला ५०० वॉट पोचवायचे तर सुमारे ६३ व्होल्ट लागतात. दोन मिलिव्होल्टपासून साठ व्होल्टांपर्यंत म्हणजे तीस हजार पट.

हा आकडा लक्षात राहिला की पुष्कळ गोष्टी उलगडतात. माइकच्या वायरीत शिरलेला कचरासुद्धा आवाजाबरोबर तीस हजार पट वाढतो. अँपपासून बॉक्सकडे जाणाऱ्या वायरीत तेवढाच कचरा शिरला तर तो ऐकूही येत नाही, कारण तिथून पुढे वाढवणारं कुणी नाही. म्हणूनच खरखर, गुणगुण, झणझण या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा वाटेच्या सुरुवातीला, सगळ्यात स्वस्त वस्तूत सापडतं. लाखाचा मिक्सर क्वचित बिघडतो; काहीशे रुपयांची वायर रोज बिघडते.

ही वाट प्रत्येक साउंडवाल्याला तोंडपाठ असायला हवी: माइक, वायर, स्टेजवरचा मल्टिकोर बॉक्स, मिक्सरचा चॅनल, मिक्सरचं आउटपुट, क्रॉसओव्हर, अँप, स्पीकरची वायर आणि बॉक्स. नऊ ठाणी. आवाज यांतल्याच कुठल्यातरी एका ठिकाणी अडतो.

मधोमध सुरुवात

नऊ ठाणी एकेक करून तपासत बसलो तर प्रेक्षक उठून जातील. त्यापेक्षा मधोमध उभं राहावं. मिक्सर हा या वाटेवरचा मधला नाका आहे आणि त्याच्या मीटरवर आवाज डोळ्यांनी दिसतो. गायक गातोय, चॅनलच्या मीटरवर दिवे हलताहेत, तरी बॉक्समधून काही येत नाही: मग दोष मिक्सरच्या पुढे. दिवे हलतच नाहीत: मग दोष मागे, स्टेजच्या बाजूला. एका नजरेत अर्धी वाट बाद झाली. उरलेल्या अर्ध्या वाटेचा पुन्हा मध्य गाठायचा. तीन-चार पायऱ्यांत दोष हाती लागतो.

गुणगुणीचंही तसंच. त्या चॅनलचा फेडर खाली ओढा. गुणगुण गेली तर ती त्या माइकच्या बाजूने येत होती. सगळे फेडर खाली, मास्टरही खाली, तरी गुणगुण चालूच, तर मिक्सरच्या पुढे जा.

हे करताना दोन पथ्यं पाळायची. पहिलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. घाईत माइकही बदलला, वायरही बदलली आणि आवाज आला, तर दोषी कोण ते कधीच कळत नाही आणि दोघंही पुन्हा पेटीत जातात. दुसरं, आधी सोपं बघायचं. चॅनल म्यूट आहे का, माइकचं स्वतःचं बटण बंद आहे का, कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर चालू आहे का, मल्टिकोरच्या सहा नंबरात लावलेली वायर चुकून नवात गेली आहे का. पेचकस हातात घेण्याआधी एवढं बघितलं तर तो पेटीतून काढावाच लागत नाही.

तीन तारांची गोष्ट

माइकच्या वायरीच्या टोकाला तीन पिनांचा जो कनेक्टर असतो त्याला एक्सएलआर म्हणतात. अमेरिकेतल्या कॅनन कंपनीने तो आणला, म्हणून जुने साउंडवाले अजूनही 'कॅनन पिन' मागतात. पहिल्या पिनेला वायरीभोवतीची तांब्याची जाळी, म्हणजे शील्ड. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेवर एकच आवाज, पण एकमेकांच्या उलटा: एक तार वर जाते तेव्हा दुसरी खाली. मिक्सरमध्ये पोचल्यावर तिसऱ्या पिनेवरचा सिग्नल पुन्हा उलटा करून दुसऱ्यात मिळवला जातो. माइकचा आवाज दुप्पट होतो. वाटेत विजेच्या तारांजवळून जाताना शिरलेली गुणगुण मात्र दोन्ही तारांवर सारखीच असते, त्यामुळे ती एकमेकींना खोडून टाकते. पन्नास मीटर लांबून येणारे दोन मिलिव्होल्ट स्वच्छ पोचतात ते या युक्तीमुळे.

या तीन तारांपैकी कोणती तुटली ते कानानेच कळतं. जाळी तुटली तर डायनॅमिक माइक चालू राहतो, पण गुणगुणायला लागतो. कंडेन्सर माइक मात्र पूर्ण बंद पडतो, कारण फँटम पॉवरची परतीची वाटच जाळीतून असते. दुसरी किंवा तिसरी तार तुटली तर आवाज पातळ आणि दूरचा येतो, जणू कुणी भिंतीपलीकडून बोलतंय. गिटार किंवा कीबोर्डच्या जाडजूड जॅकला एवढं संरक्षण नसतं. तो जॅक एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्सचेंजमधून आलेला आहे आणि त्याच्यामागच्या वायरीत जाळी आणि एक तार एवढंच असतं. ती पाच-सहा मीटरच्या पुढे नेऊ नये. वाद्याजवळ डीआय बॉक्स ठेवून तिथून पुढे तीन तारांवर जावं.

त्या सप्ताहातली वायर मी दुसऱ्या दिवशी सकाळी उघडली. कनेक्टरचं मागचं टोक, ज्याला आम्ही बूट म्हणतो, ते फिरवून मागे सरकवलं. आतली पकड सैल झाली होती. वायरीचं काळं आवरण त्या पकडीतून निसटून मागे गेलं होतं आणि सगळा ताण पिनांच्या सांध्यांवर आला होता. जाळीचे वीस-पंचवीस केस तुटलेले आणि उरलेले दोन पहिल्या पिनेला टेकून होते. स्टँड हलला की तेही सुटायचे, परत चिकटायचे. कानाला ऐकू येणारी खरखर म्हणजे ते दोन केस.

दुरुस्ती वीस मिनिटांची. शिणलेला भाग दोन सेंटिमीटर छाटून टाकायचा. आवरण सोलायचं, जाळी पिळून एक करायची, तिन्ही तारांच्या टोकांना आधी थोडं शिसं पाजायचं. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेली सोल्डर १८३ अंशांना वितळते. आयर्नने आधी पिन तापवायची आणि मग सोल्डर पिनेला लावायची, म्हणजे ती आपोआप धावत जाऊन बसते. आयर्नच्या टोकावर थेंब घेऊन तो पिनेवर टेकवला तर वरून चिकटल्यासारखा दिसतो, पण आतून धरत नाही. चांगला सांधा थंड झाल्यावर चमकतो. राखाडी, दाणेदार दिसला तर तो ड्राय सोल्डर, महिन्याभरात पुन्हा खरखरणार. बूट मात्र सोल्डरिंग करण्याआधीच वायरीत ओवून ठेवायचा, नाहीतर तिन्ही सांधे सोडवून काम पहिल्यापासून करावं लागतं. शेवटी पकड आवरणावर घट्ट बसवायची. मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर ठेवून पहिलीला पहिली, दुसरीला दुसरी, तिसरीला तिसरी तपासायची. कोणत्याही दोन पिना आपसात जुळलेल्या नाहीत ना, तेही बघायचं. आणि हे सगळं वायर हलवत हलवत.

गुणगुण आणि झणझण

आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते. ती आवाजात शिरली की खर्जातली सलग गुणगुण येते. झणझण वेगळी: ती टोकदार, माशी घोंगावल्यासारखी असते. कान या दोन्हींत फरक करायला शिकला की अर्धं निदान झालं.

गुणगुणीचं नेहमीचं कारण असं. मिक्सर प्रेक्षागृहाच्या मागच्या बोर्डवर लावलेला, अँप स्टेजजवळच्या बोर्डवर. दोन्ही बोर्डांची अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने गेलेली. त्या दोन अर्थिंगमध्ये थोडासा दाबाचा फरक असतो आणि मधल्या ऑडिओ वायरीची जाळी त्यांना जोडते, मग जाळीतून वीज वाहू लागते. याला ग्राउंड लूप म्हणतात. उपाय साधा आहे: साउंडची सगळी यंत्रं एकाच ठिकाणाहून वीज घेतील अशी एक स्वतंत्र लाइन ओढायची. लॅपटॉपवरून ट्रॅक वाजवताना गुणगुण आली तर त्याचा चार्जर काढून बघा. ती थांबली तर लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स टाकून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबायचं.

झणझण बहुधा लाइटवाल्यांच्या बाजूने येते. नाट्यगृहातले डिमर विजेची प्रत्येक लाट मध्येच कापतात, सेकंदाला शंभर वेळा. पूर्ण उजेडात झणझण कमी आणि दिवे अर्ध्यावर आले की जास्त, असं झालं तर डिमरच कारण. माइकच्या वायरी दिव्यांच्या केबलला समांतर नेऊ नयेत. ओलांडणं भागच असेल तर काटकोनात ओलांडाव्यात. लाइट आणि साउंड वेगवेगळ्या फेजवर घ्यावेत. नाटकाच्या दौऱ्यावर दर प्रयोगाला नाट्यगृह बदलतं, त्यामुळे सामान उतरवताना लाइटवाल्या मित्राशी पाच मिनिटं बोलून दोघांच्या वाटा ठरवून घ्याव्यात. पुढचे तीन तास शांत जातात.

बोर्डला हात लावण्याआधी

गुणगुण घालवण्यासाठी प्लगची तिसरी, जाड पिन तोडणारे लोक मी पाहिले आहेत. गुणगुण खरोखरच जाते. पण त्या यंत्रात कधी फेजची तार कवचाला टेकली, तर ती वीज जमिनीत जाण्याऐवजी माइक धरलेल्या माणसाच्या अंगातून जाते. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी भर मंचावर असाच गेला; अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता. आपल्याकडे ओल्या जमिनीवर, अनवाणी उभे राहून गाणारे-बोलणारे कितीतरी असतात. ती तिसरी पिन त्यांच्यासाठी आहे. ती कधीही तोडू नये.

बाहेरच्या कार्यक्रमात जनरेटर असो वा खांबावरून घेतलेली लाइन, पहिला प्लग लावण्याआधी मल्टिमीटरने तीन आकडे घ्यायचे. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास. फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. दुसरा आकडा भलताच आला तर अर्थिंग नाही. तिसरा २३० आला तर फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली आहे. आकडे जुळेपर्यंत काहीही जोडायचं नाही, आयोजक कितीही घाई करोत.

यंत्रांचा सगळ्यात मोठा घात होतो तो न्यूट्रल सुटल्याने. तीन फेजच्या लाइनीत दोन फेजांमधला दाब ४०० व्होल्टच्या घरात असतो. न्यूट्रलचा नट सैल झाला आणि तार निसटली की दोन फेजांवरची यंत्रं एका ओळीत जोडल्यासारखी होतात आणि ज्या बाजूला भार कमी तिकडे दाब चढतो. एकीकडचे बल्ब एकाएकी लख्ख होतात, पंखे जोरात फिरतात, दुसरीकडचे मंदावतात. हे दृश्य दिसलं की विचार करत बसायचं नाही, मेन स्विच पाडायचा. पुढच्या काही क्षणांत मिक्सर आणि अँप दोन्ही जळू शकतात. म्हणून जनरेटर सुरू होण्याआधी न्यूट्रलचा नट स्वतः पान्याने बघून घ्यावा. साउंडच्या लाइनीवर ३० मिलिअँपिअरला पडणारा ब्रेकर बसवून घ्यावा. आणि फ्यूज उडाला तर तिथे त्याच मापाचा फ्यूज, तांब्याची तार नव्हे. फ्यूज का उडाला हे कळण्याआधी तार बांधणं म्हणजे दोष यंत्राच्या पोटात ढकलणं.

माइक शिट्टी का मारतो

माइकमध्ये शिरलेला आवाज बॉक्समधून बाहेर पडतो, हवेतून फिरून पुन्हा माइकमध्ये येतो. परत येताना तो पहिल्याहून मोठा असेल तर प्रत्येक फेरीला वाढतच जातो आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी होते. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावावरून याला लार्सन परिणाम म्हणतात. हा यंत्राचा बिघाड नसतो, मांडणीचा असतो; म्हणून त्याचा पहिला उपाय पायाने करायचा, चालत जाऊन. बॉक्स माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून हवेत. गायकासमोरचा मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीमागे हवा, कारण कार्डिऑइड माइक पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो. गायकाने माइकची जाळी मुठीत धरली तर ही पाठ बंद होते आणि तोच माइक चहूबाजूंनी ऐकू लागतो. हात खाली, दांड्यावर धरायला सांगितलं की पुष्कळ शिट्ट्या तिथेच थांबतात.

कीर्तनात एक हिशेब नेहमी मदतीला येतो. उघड्या माइकांची संख्या दुप्पट केली की शिट्टीआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. दोन माइकांवर चालणारं कीर्तन टाळकऱ्यांसाठी आठ माइकांवर नेलं तर ६ डेसिबल गेले. उलट, तोंड आणि माइक यांच्यातलं अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल परत मिळतात. वीस सेंटिमीटरवरचा माइक दहावर आणला की सहा जादा माइकांची किंमत वसूल. तीसजणांच्या टाळांना माइकची गरज तशीही फारशी नसते.

कार्यक्रमाआधीची चाचणीही विचाराने करावी. माइकवर टिचक्या मारणं किंवा फुंकर घालणं यात पडद्याला इजा आणि ओल मिळते, माहिती काहीच मिळत नाही. त्यापेक्षा चार वाक्यं बोलावीत. आपल्या भाषेत भ, फ, ध, ख यांसारखी महाप्राण व्यंजनं भरपूर आहेत आणि त्यांच्याबरोबर हवेचा झोत बाहेर पडतो. 'भक्तिभाव', 'फाल्गुन', 'प्रपंच' म्हणून बघा: माइक धप्प करतो का? मग माइक थोडा बाजूला, हनुवटीच्या रेषेत घ्या आणि मिक्सरवरचं लो कटचं बटण दाबा. 'सासुरवाशीण', 'सशस्त्र' म्हणून बघा: स आणि श कानाला टोचतात का? 'वन टू थ्री'पेक्षा वक्त्याच्या भाषेतल्या शब्दांनी घेतलेली चाचणी जास्त खरी असते.

लांब मंडपात मागच्या लोकांची तक्रार येते की शब्द दुहेरी ऐकू येतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तारेतली वीज मात्र तत्काळ पोचते. पस्तीस मीटर मागे लावलेल्या बॉक्समधून आवाज आधी निघतो आणि स्टेजवरचा तिथे पोचेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग उलटलेला असतो. मागच्या बॉक्सला तेवढाच विलंब, म्हणजे मीटरला सुमारे तीन मिलिसेकंद, द्यायचा. शब्द पुन्हा एक होतात.

बॉक्स जळतो कसा

पुष्कळांना वाटतं, मोठ्या अँपने स्पीकर जळतो. छोट्या अँपनेही जळतो, आणि तो जळताना लवकर लक्षात येत नाही. अँपकडून त्याच्या ताकदीबाहेर आवाज मागितला की तो लाटांचे माथे कापून सपाट करतो. कापलेल्या लाटेत वरच्या पट्टीतली ऊर्जा फार वाढते आणि ती सगळी ट्विटरच्या केसासारख्या बारीक तारेत जाते. क्लिपचा लाल दिवा अधूनमधून क्षणभर लुकलुकला तर चालतं. तो लागूनच राहिला तर वेटोळं तापत असतं. गेन चॅनलवर नीट लावावा आणि कमी पडतंय असं वाटलं तर बॉक्स वाढवावेत, लाल दिवा नाही.

बॉक्स वाढवतानाही हिशेब हवा. आठ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की चार ओहम, चार जोडले की दोन. अँपच्या मागे लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली जाऊ नये. बॉक्सची तब्येत मल्टिमीटरने बघता येते: आत अँप नसलेला आठ ओहमचा बॉक्स साधारण सहा ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर वेटोळं तुटलं, शून्याजवळ असेल तर शॉर्ट. हे वाचन मुख्यतः मोठ्या स्पीकरचं असतं. ट्विटर तपासायचा तर तो क्रॉसओव्हरपासून सुटा करावा लागतो. दोन बेस शेजारी ठेवूनही खर्ज भरत नसेल तर एकाच्या तारा उलट्या लागल्या असण्याची शक्यता मोठी. दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावून बघा: धन टोक धन टोकाला लावलं की कोन बाहेर यायला हवा. एकाचा बाहेर आणि दुसऱ्याचा आत जात असेल तर दोघं मिळून हवा नुसती इकडून तिकडे ढकलत आहेत.

चालू करताना मिक्सर आधी, अँप शेवटी. बंद करताना अँप आधी, मिक्सर शेवटी. हा क्रम चुकला की मिक्सरच्या चालू-बंदचा धक्का तसाच बॉक्समध्ये जातो.

गुलाल, घाम आणि पाऊस

आपल्याकडच्या यंत्रांचे काही शत्रू कंपन्यांच्या माहितीपुस्तकात सापडत नाहीत. विसर्जन मिरवणुकीतला गुलाल आणि जत्रेतला भंडारा अँपच्या पंख्यातून आत ओढला जातो. फिल्टर भरतो, हवा अडते, अँप तापतो आणि ऐन चौकात स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतो. मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी फिल्टरचा स्पंज काढून धुवावा, पूर्ण वाळल्यावरच बसवावा. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं. हवेच्या जोराने ते मोकळं भिरभिरलं तर बेअरिंग जातं.

नाटकातल्या कॉलर माइकचा आणि कीर्तनातल्या हेडसेटचा शत्रू घाम. प्रयोग संपला की कॅप्सूल मऊ कापडाने कोरडी पुसून सिलिका जेलच्या डबीत ठेवावी. ट्रान्समीटरमधले सेल काढून घ्यावेत, विसरलेला सेल गळतो आणि आतल्या पट्ट्या खातो. वायरलेसचा आवाज मधूनच तुटत असेल तर रिसीव्हर कुठे आहे ते आधी बघा. विंगेत पेट्यांच्या मागे ठेवला असेल तर उचलून स्टेज दिसेल अशा जागी आणा. माणसाचं शरीर या लहरी शोषून घेतं, म्हणून मधली वाट मोकळी हवी. हातातल्या माइकची जाळी फिरवून निघते. आतल्या स्पंजसकट सौम्य साबणाने धुवावी आणि रात्रभर वाळवावी. शेकडो तोंडांजवळून गेलेली वस्तू आहे ती. हा स्वच्छतेचाही प्रश्न आहे.

कोकणात आणि गोव्यात खारी, दमट हवा कनेक्टरवर गंजाचा थर चढवते. महिन्यातून एकदा कनेक्टर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावेत. तेलकट स्प्रे मारू नये, तो धूळ धरून ठेवतो. पावसाळ्यात काम नसलं तरी पंधरा दिवसांतून एकदा सगळी यंत्रं तासभर चालू ठेवावीत, आतली ओल निघून जाते. डिजिटल मिक्सरचं सेटिंग पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावं. मिक्सर बदलावा लागला तर तेवढीच मेहनत वाचते.

गाठ

कायद्याने उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद असतो. ठरावीक दिवशी मिळणारी बारापर्यंतची सवलत सोडली तर बिघाडात गेलेली दहा मिनिटं कीर्तनकाराला किंवा नटाला परत मिळत नाहीत. ती वाचवायची जागा म्हणजे कार्यक्रम संपल्यानंतरचा अर्धा तास. सगळे दमलेले असतात, टेम्पोवाला हॉर्न वाजवत असतो. त्याच अर्ध्या तासात वायरी कोपराभोवती पिळून गुंडाळल्या जातात आणि आतले तांब्याचे केस दर रात्री थोडे थोडे तुटतात. वायर हातात मोकळी वेटोळी घेत गुंडाळावी, एक वेटोळं वरून, दुसरं मनगट आत वळवून खालून. पीळ साचत नाही आणि दुसऱ्या दिवशी टोक धरून फेकली की सरळ उलगडते.

आणि ज्या वायरीने त्या दिवशी त्रास दिला, तिच्या टोकाशी तिथल्या तिथे गाठ मारावी. चिठ्ठी पडून जाते, टेप सुटतो, आठवण तर सकाळपर्यंतही टिकत नाही. गाठ राहते. अंधारात, घाईत पेटीत हात घातला तरी बोटांना कळतं की ही लावायची नाही. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांना मी मिक्सरला हात लावू देण्याआधी वायर गुंडाळायला आणि गाठ मारायला शिकवतो.

त्या सप्ताहातली वायर अजून वापरात आहे. बाकीच्यांपेक्षा दोन सेंटिमीटर आखूड, तीन नवे सांधे. महाराजांच्या माइकला मी मुद्दाम तीच लावतो, कारण माझ्या पेटीतली आतून-बाहेरून पूर्ण माहिती असलेली वायर तीच आहे.